तीन बोटं माया

दिवाळीच्या झाडलोटीत आईच्या पत्र्याच्या ट्रंकेतून माझी एनसीसीची खाकी पॅन्ट निघाली. नववीतली. इतकी वर्षं कशाला ठेवलीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "कापड चांगलं हाय की अजून." मी ती खिडकीपाशी नेली आणि उजेडात धरली. घोट्याच्या वर दोन आडव्या रेघा होत्या. वरची घासून घासून पांढरी पडलेली. तिच्याखाली दीड इंचावर दुसरी, जरा अंधूक. पहिल्या रेघेच्या वरचं कापड उन्हानं विटलेलं, दोन रेघांमधलं त्याहून गडद, आणि सगळ्यात खालची बोटभर पट्टी तर आत्ताच ताग्यातून कापल्यासारखी. आतल्या बाजूनं पप्पांच्या जुन्या पॅन्टच्या कापडाची पट्टी जोडलेली होती, कारण तिथवर येईतो दुमडायला कापडच उरलं नव्हतं. टाके आईच्या हातचे, बारीक आणि एकसारखे.

एका शाळेच्या वर्षातली माझी वाढ त्या कापडावर उमटली होती. पहिली रेघ जूनची. दुसरी दिवाळीची. पप्पांच्या कापडाची पट्टी आईनं सव्वीस जानेवारीच्या आदल्या रात्री जोडली, कारण पॅन्टखालून मोजे दिसत होते आणि सरांनी तसं सांगितलं होतं.

या सगळ्यासाठी आईकडे एकच शब्द होता. माया. टिपेच्या आत जे जादा कापड सोडतात ती माया. मला काहीही घ्यायचं म्हटलं की ती रंग बघायची नाही, किंमत नंतर विचारायची. आधी कपडा उलटा करायची आणि अंगठ्यानं खालची दुमड चाचपायची. "आत माया किती हाय?" दुकानदाराला हा प्रश्न ठरलेला. पुरेशी असली तर घ्यायचं, नसली तर पुढचं दुकान. नवी पेठेतून टिळक चौकापर्यंत आणि तिथून मधल्या मारुतीपर्यंत आम्ही दोघी अशा कितीतरी संध्याकाळी फिरलोय.

एनसीसी मला आवडायची त्याचं कारण खाकी नव्हती. परेडला उभं करताना एक हुकूम असतो, "लंबा दाहिने, छोटा बायें, एक लाईन में कदवार खडा हो!" त्या हुकमावर मी धावत जाऊन उजव्या टोकाला उभी राहायचे आणि बाकी सगळ्या माझ्यावरून आपापली जागा धरायच्या. वर्गात उंचीमुळे मी कायम शेवटच्या बाकावर. लग्नाच्या फोटोत कायम मागे. इथे मात्र रांग माझ्यापासून सुरू होत होती. सावधान म्हटलं की पाठ ताठ करायची, हे मला तिथे सांगावं लागलं नाही. तेवढा अर्धा तास सोडला तर दिवसभर मी एक गुडघा जरासा वाकवून उभी राहायचे. कधीपासून ते आठवत नाही.

माझी उंची पाच फूट अकरा इंच आहे, म्हणजे १८० सेंटीमीटर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे भारतीय बायकांची सरासरी उंची साधारण १५२ सेंटीमीटर भरते. दोन्हीतला फरक वीतभर आणि वर थोडा. या उंचीवरून नातेवाईक जे बोलायचे ते सगळ्यांना माहीत असतं, ते लिहीत बसत नाही. वीतभर जास्त असलेलं माझं अंग जगात कुठे कुठे मावत नाही, याची यादी लांब आहे. पण त्यात रोज, अगदी रोज, सकाळी अंगावर चढवायची गोष्ट म्हणजे पॅन्ट.

साडीचंही सोपं नाही. लोकांना वाटतं साडी कुणालाही होते. लांबीला होते. उंचीला होईल की नाही ते पन्ह्यावर ठरतं, आणि पन्हा माग ठरवतो. माझ्या कमरेपासून जमिनीपर्यंत ४४ इंच होतात. पन्हा ४५-४६ असला तर कमरेत खोचायला बोटभरच कापड उरतं आणि दिवसभर जीव त्या खोचलेल्या बोटभर कापडात अडकतो. आई अजूनही दुकानात शिरता शिरताच सांगते, "मोठ्या पन्ह्याची दाखवा." सलवारीचं बरं असतं, वर चुण्या आणि नाडी, दोन इंच इकडचे तिकडे होतात. पॅन्टला ही सवलत नाही. ती पायाला पाय लावून बेतलेली असते.

मी सिव्हिल इंजिनियर आहे. रस्त्यांच्या आणि इमारतींच्या कामावर असते, अक्कलकोट रोडकडे, कधी विजापूर रोडकडे. सोलापूरचं ऊन, त्यात मोकळं माळरान. पॅन्ट घोट्याच्या वर राहिली की मोज्याच्या वरची पट्टी भाजून निघते आणि सराट्यांना आयती जागा मिळते. तरी हे सोसता येतं. न सोसण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. स्लॅब भरायच्या आधी सळ्यांचं अंतर तपासावं लागतं. त्यासाठी जाळीवर उकिडवं बसायचं, टेप लावायची, दर सळईला आकडा वाचायचा. बारा वर्षं मी ते काम एका हातानं केलं. दुसरा हात मागे, शर्ट खाली ओढून धरायला. कारण उकिडवं बसलं की पॅन्ट मागून कमरेखाली सरकायची. आजूबाजूला गवंडी, सेंट्रिंगची माणसं, सळई बांधणारी पोरं. कुणी काही बोलत नव्हतं. पण माझं निम्मं लक्ष सळईवर आणि निम्मं माझ्या पाठीवर. टेपचं दुसरं टोक धरायला मी माणूस मागायचे, आणि त्याचं कारण मी कुणाला कधी सांगितलं नाही.

पॅन्ट आखूड होते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घोटा येतो. घोटा दिसतो म्हणून तसं वाटतं. खरी अडचण वर आहे. पॅन्टला गुडघा असतो. मांडीकडून कापड निमुळतं होत येतं, गुडघ्याशी एक माप असतं, तिथून खाली पुन्हा वेगळा उतार. तयार पॅन्टचा गुडघा माझ्या मांडीच्या खालच्या भागावर येतो. म्हणजे जिथे अरुंद हवं तिथे माझी मांडी, आणि जिथे पोटरीसाठी सैल सोडलंय तिथे माझा गुडघा. जिना चढताना तो ताण जाणवतो. त्याहून वर आसन. पुढच्या पट्ट्यापासून दोन पायांमधून मागच्या पट्ट्यापर्यंतची शिलाई, ती माझ्या धडाला दोन इंच कमी पडते. उभं असेपर्यंत चालतं. बसलं की ते दोन इंच कुठून तरी यायला हवेत, आणि ते कमरेवरून येतात.

मोठा नंबर घे, असं सगळे सांगतात. मीही वर्षानुवर्षं घेतला. मोठ्या नंबरला कंबर वाढते, सीट वाढते, मांडी वाढते. लांबी जवळजवळ तिथेच राहते. मग पट्टा आवळायचा, मागे कापडाचा झोळ येतो, तो झाकायला पुन्हा लांब शर्ट. जेन्ट्सची घे, हा दुसरा सल्ला. लांबी मिळते, खिसे खोल मिळतात, हे खरं. पण माझ्या कमरेत आणि सीटमध्ये दहा इंचांचा फरक आहे आणि पुरुषांच्या पॅन्टमध्ये तेवढा धरलेला नसतो. सीटला बसणारी घेतली तर कमरेला मागून मूठ जाते.

एका गोष्टीचं मला खरंच वाईट वाटतं. पुरुषांची फॉर्मल पॅन्ट दुकानात लांब ठेवलेली असते. खाली पुष्कळदा शिवलेलीच नसते, नुसती ओव्हरलॉक मारलेली. गिऱ्हाईक घालून बघतं, दुकानातला माणूस टाचण्या लावतो, तासाभरात अल्टर होऊन मिळते. लांब असेल ते कापता येतं, या साध्या समजुतीवर ते चालतं. बायकांची पॅन्ट आधीच कापून, दुमडून, शिवून येते. आत माया अर्धा इंच. आईनं अंगठा फिरवून लगेच खाली ठेवावी अशी. उंच मुलगा त्या दुकानातून पॅन्ट घेऊन बाहेर पडतो आणि तितकीच उंच मुलगी ट्रायल रूमच्या आरशात आपल्या पायांकडे बघत राहते. मधल्या काळात अँकल लेंथची फॅशन आली. "मॅडम, आता हेच चालतंय," असं दुकानातल्या मुली मनापासून सांगायच्या. त्यांचा दोष नाही. पण माझ्यापुढे निवड नव्हती, आणि निवड नसताना घातलेल्या कपड्याला फॅशन म्हणावंसं मला कधी वाटलं नाही.

आणि हे सगळं कुठे, तर सोलापुरात.

इथलं पाणी कापडाचं आहे. १८७७ मध्ये इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, आम्ही तिला अजून जुनी मिल म्हणतो. माझे आजोबा दुसऱ्या एका गिरणीत ताण्याला, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांना, खळ लावायच्या खात्यात होते. गिरण्या बंद झाल्या तरी पूर्व भागात मागांचा खडखड राहिला. चादर तर नावानंच आमची, तिला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. आता गणवेशांचं मोठं काम चालतं. २०१७ साली गणवेशांचं मोठं प्रदर्शन इथे भरलं होतं, कुठून कुठून व्यापारी आले होते. माझी धाकटी मावशी अशाच एका कारखान्यात शाळेच्या मुलांच्या पॅन्ट शिवते. तिच्या हाताखालून दिवसाला किती पाय जातात ते तिचं तिला माहीत. कुठल्या कुठल्या गावच्या मुलांना माझ्या मावशीच्या हातची पॅन्ट नीट होते, आणि तिच्या भाचीला नीट होणारी एक पॅन्ट गावात मिळत नव्हती.

मी मावशीला एकदा विचारलं होतं, मुलींच्या पॅन्टला तीन इंच जास्त द्यायला काय जातं? ती म्हणाली, "कटिंग टेबलापाशी ये, मग कळंल." एका रविवारी गेले. टेबल बरंच लांब. त्यावर कापडाचे थर एकावर एक, वर कागदाचे फर्मे मांडलेले, एकाच्या कुशीत दुसरा, बोटभर जागा वाया जाणार नाही असे. मी तिथेच उभ्याउभ्या हिशेब केला. एका पॅन्टला ४४ इंच कापड जातं असं धरलं आणि त्याचे ४७ केले, तर पंधरा पॅन्टच्या कापडात चौदाच बसतात. दर पंधराला एक पॅन्ट जाते. कारखान्याच्या बाजूनं बघितलं तर ते मोठं नुकसान आहे आणि मला ते पटलं. पण मग पुरुषांच्या पॅन्टला ती पंधरावी पॅन्ट कशी परवडते, याचं उत्तर टेबलापाशी कुणाकडे नव्हतं. मावशी जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "त्यांनी पहिल्यापासून मागितली, आपण मागितलीच नाही."

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. रात्री बसून मापांच्या इतिहासात शिरले. अमेरिकेच्या सरकारनं १९३९-४० मध्ये जवळपास १५,००० बायकांची मापं घेतली होती, प्रत्येकीची ५९. १९४१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. हिशेबात धरल्या फक्त गोऱ्या बायका, ही त्यातली मोठी उणीव. पण त्यांच्यावर बेतून १९५८ मध्ये जे प्रमाण तिथे लागू केलं, त्यातली एक गोष्ट वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसले. आकड्याच्या पुढे उंचीचं अक्षर होतं. उंच, मध्यम, बुटकी, तिघींना तीन अक्षरं. म्हणजे हे कुणाला तरी सुचलं होतं, छापलंही होतं, माझ्या आईच्या जन्माआधी. १९८३ मध्ये ते प्रमाण मागे घेतलं.

आपल्याकडे निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं भारतीय अंगाची मापं ठरवायचं काम हाती घेतलं. सहा शहरांत २५,००० लोकांना थ्रीडी स्कॅनरमध्ये उभं करायचं, असा तो बेत. दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, शिलाँग, कोलकाता. मुंबई आणि हैदराबादच्या बरोबर रस्त्यात आपण आहोत. त्या मोजणीतून येणाऱ्या तक्त्यात लांबीचा वेगळा रकाना असावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सरासरी काढून तो पुसला गेला, तर मग आमच्यासारख्यांनी त्या यंत्रात उभं राहून काय मिळवलं?

टेलर मास्तरांचा पत्ता मावशीनंच दिला. साखर पेठेच्या बाजूला एका बोळात त्यांचं दुकान, दोन मशीन आणि एक कटिंगचं फळकूट मावेल एवढं. वय सत्तरीच्या पुढचं. आयुष्यभर पुरुषांच्या पॅन्ट कापल्या. मी आत शिरताना चौकटीखाली वाकले तसं त्यांनी चष्म्यावरून वर बघितलं. बायकांची पॅन्ट शिवाल का, विचारलं. म्हणाले, "शिवलो नाही कधी. माप तर मापच की अम्मा. घे, उभं रहा."

मी उभी राहिले. त्यांनी कमरेला टेप लावली, खाली सोडली, आणि थांबले. माझ्या डाव्या गुडघ्यावर दोन बोटांनी हलकेच टिचकी मारली. "सरळ उभं रहा अम्मा. गुडघा वाकला की माप खोटं येतंय."

मला कळलंच नव्हतं मी वाकवलाय. मी दोन्ही पाय सरळ केले. त्यांनी टेप पुन्हा लावली आणि तोंडातल्या तोंडात तेलुगूत आकडा म्हणाले, "नलभै नालुगु." मशीनवरच्या पोरानं वहीत ४४ लिहिलं. इतकंच झालं. आकडा मोठा आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर काही आलं नाही. चव्वेचाळीस म्हणजे चव्वेचाळीस. मी रोज साइटवर तशीच मापं लिहिते. कॉलम बाराचा असला तर बाराचा, आपण तो दहाचा असायला हवा होता असं म्हणत नाही. माझं स्वतःचं माप मात्र असं कुणी आजवर लिहिलं नव्हतं.

मग त्यांनी मला लाकडी स्टुलावर बसवलं आणि कमरेपासून स्टुलापर्यंत बाजूनं मोजलं. ते आसनाचं माप, अकरा. गुडघा कमरेपासून चोवीस. आतली लांबी तेहेतीस. दुकानातल्या पॅन्टची आतली लांबी मी टेप लावून बघितलेली होती, अठ्ठावीस-एकोणतीस. चार-पाच इंचांचा फरक पहिल्यांदा माझ्यापुढे नुसता आकडा होऊन आला.

कापडाची गंमत पुढेच. पेठेतून छान सुती पॅन्टपीस आणला होता, एक वीसचा. मास्तरांनी फूटपट्टीनं मापला आणि परत दिला. एक मीटर वीस म्हणजे सव्वासत्तेचाळीस इंच. मला लांबीचे ४४, खाली दुमडायला तीन, वर पट्ट्याशी एक. अठ्ठेचाळीस. पाऊण इंच कमी. पेटीत घालून, रिबीन लावून विकायला ठेवलेलं कापडसुद्धा माझ्यासाठी नव्हतं. "ताग्यातनं काप घे," ते म्हणाले, "एक चाळीस. आणि रातभर पाण्यात टाक."

पाण्यात टाकायचं कारण मला आजोबांकडून माहीत होतं. ते सांगायचे, ताणा मागावर ओढून धरलेला असतो, त्याला आपल्या मनासारखं राहता येत नाही. पहिल्या पाण्यात तो आपल्या जागेवर येतो. म्हणून सुती कापड रुंदीपेक्षा लांबीला जास्त आटतं. आखूड माणसाला ते कळतही नाही. तेहेतीस इंच पायाला तीन टक्के म्हणजे एक इंच, आणि तो इंच नेमका घोट्यावरचा. मी बादलीत कापड भिजवलं, सावलीत वाळवलं आणि सकाळी टेप लावली. एकशे चाळीसचं एकशे छत्तीस झालं होतं. चार सेंटीमीटर रात्रीत गेले होते, आणि पहिल्यांदाच ते माझ्या पायावरून गेले नव्हते.

आठवड्यानं ट्रायल. कच्ची टाचलेली पॅन्ट, पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके, एका पायावर खडूच्या खुणा. घातली. गुडघ्यावर गुडघा आला होता. मी दोनदा हात लावून बघितलं. मास्तरांनी उभं राहिलेलं बघितलं आणि म्हणाले, "आता तुझं काम कसं करतीस ते करून दाखव." मी त्यांच्या दुकानात, कातरणांच्या मध्ये, उकिडवी बसले. मागून जरा ओढलं. त्यांनी माझ्या पाठीमागे जाऊन फक्त "हूं" केलं. पॅन्ट उतरवून दिली तेव्हा त्यांनी मागची मधली शिलाई उसवून मला आतलं दाखवलं. दोन्ही बाजूंना दीड दीड इंच कापड आत दुमडलेलं. पुरुषांच्या पॅन्टला मागे अशी माया ठेवायची रीतच आहे. माणूस लग्नात बारीक असतो, चाळिशीत सुटतो, पॅन्ट तीच राहावी म्हणून. मी ते दीड इंच बोटांत धरून बघत राहिले. शिवणाऱ्यानं गिऱ्हाईकाच्या पुढच्या वीस वर्षांचा विचार आत दुमडून ठेवायचा, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मास्तरांनी तिथून पाऊण इंच सोडला. खाली विचारलं, "किती ठेवू?" मी तीन बोटं दाखवली.

शिलाई पाचशे रुपये घेतली. कापड धरून पेठेतल्या बऱ्या जीन्सपेक्षा कमीच पडलं.

दुसऱ्या दिवशी एका दोन मजली इमारतीच्या पहिल्या स्लॅबची तपासणी होती. सकाळी आठलाच ऊन चढलेलं. मी जाळीवर उतरले, उकिडवी बसले, सवयीनं हात मागे गेला. शर्ट जागेवर होता. पॅन्ट कमरेवर होती. हात तसाच थोडा वेळ मागे राहिला, त्याला काही काम नव्हतं. मग मी तो पुढे आणला आणि टेपचं दुसरं टोक स्वतःच धरलं. दीडशे, दीडशे, एकशे साठ. एकशे साठला मी थांबले, सळई बांधणाऱ्या पोराला हाक मारली, ती सळई दहा मिलिमीटर सरकवून घेतली. असा दहा मिलिमीटरचा फरक आधी माझ्या नजरेतून निसटत असेल का, हा विचार मनात आला आणि दिवसभर गेला नाही.

आता माझ्याकडे मास्तरांच्या हातच्या चार पॅन्ट आहेत. दोन साइटच्या, एक ऑफिसची, एक गडद निळी, सणासुदीला कुर्त्याखाली घालायची. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत ती निळी घालून गेले होते. नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, धरणारी माणसं पांढऱ्या बाराबंदीत असतात. बाराबंदी बंदांनी बांधायची, ज्याच्या अंगाला जशी हवी तशी आवळायची किंवा सैल सोडायची. बापाची मुलाला होते. ते सातही नंदीध्वज गर्दीवरून डुलत येताना मी लहानपणापासून बघते आहे, आणि माझ्या उंचीला ते नेहमी कुणाच्याही डोक्याआडून न होता दिसतात. त्या दिवशी मी दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी आहे, हे मला मिरवणूक पुढे गेल्यावर कळलं.

ती खाकी पॅन्ट मी ट्रंकेत परत ठेवली नाही. दिवाळीला बहीण आली होती, तिची मुलगी बारा वर्षांची. पाच फूट पाच इंच झाली आहे, शाळेत बास्केटबॉल खेळते. तिला मी ती पॅन्ट दाखवली, रेघांवरून बोट फिरवून दाखवलं, ही जूनची, ही दिवाळीची. ती म्हणाली, "आणि ही खालची?" मी म्हटलं, "ती तुझ्या आजोबांची." तिनं ती पट्टी उलटी करून बराच वेळ बघितली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिला मास्तरांकडे नेलं. आई म्हणाली मीही येते, आणि गुडघे दुखत असताना रिक्षा करून आली. मास्तरांनी भाचीला उभं केलं, कमरेला टेप लावली, खाली सोडली. मी बाजूला उभी होते. मला तिचा उजवा गुडघा दिसत होता. अगदी जरासा, दुसऱ्या कुणाला कळणार नाही एवढाच, पुढे आलेला.

मास्तर टेप धरून थांबले. मला वाटलं मीच बोलावं. पण त्यांनी दोन बोटांनी टिचकी मारली. "सरळ उभं रहा अम्मा."

ती सरळ झाली. छतावरचा पंखा तिच्या वेणीला जवळ आल्यासारखा वाटला. मास्तरांनी टेप पुन्हा लावली. "नलभै," ते म्हणाले, आणि पोरानं वहीत, माझ्या जुन्या मापाच्या पानामागच्या पानावर, ४० लिहिलं.

"खाली किती सोडू?"

मी तीन बोटं वर केली. आईनं माझा हात धरून चौथं बोट उघडलं.